पारधी बेड्यावरची हजेरी

मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होतं. जलंबहून खामगावला जाणारी रेल्वेची छोटी लाइन आणि तिथला कापसाचा बाजार यांचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे या काळ्या मातीकडे लागले होते. वऱ्हाडच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्याच मेयोंच्या कारकिर्दीत, दीड वर्षानं, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी आणखी एक गोष्ट घडली. ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा, मंजूर झाला. या दोन गोष्टी एकत्र सांगितलेल्या मी फारशा वाचल्या नाहीत. त्या एकत्रच सांगायला हव्यात, कारण एकीनं ज्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली त्यांच्याच अंगावर दुसरी येऊन पडली.

आज खासगीपणाची चर्चा निघाली की आपण मोबाइलपासून सुरुवात करतो. कुणीतरी आपला फोटो उचलला, कुठल्यातरी ॲपनं आपला ठावठिकाणा नोंदवला, दुकानाच्या दारावरच्या कॅमेऱ्यानं आपला चेहरा टिपला. ही भीती खरी आहे. पण अमरावती-अकोल्याच्या मुलखात काही माणसं या भीतीत पाच पिढ्या जगली आहेत. त्यांचा चेहरा, त्यांची बोटं, त्यांचं रात्रीचं झोपणं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, सगळं सरकारच्या वहीत लिहिलं गेलं. वऱ्हाडातल्या पाळतीचा इतिहास लिहायचा तर तो पारध्यांच्या बेड्यावरूनच, म्हणजे त्यांच्या वस्तीवरूनच, सुरू करावा लागेल.

निजामानं १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६७ मध्ये इथल्या माणसांची पहिली रीतसर मोजणी झाली, सुमारे २२ लाख भरली. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी संपादलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर निघालं. हे लायल पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते आणि पुढे हिंदुस्थानच्या राज्यकारभारात फार वर चढले. शेताची मोजणी, सारा, गावं, जाती, धंदे, सगळं कागदावर आलं. कुणब्याचं नाव त्याच्या शेतासकट नोंदलं गेलं, वाण्याचं दुकानासकट, पाटलाचं गावासकट. पण ज्याच्याकडे शेत नाही, दुकान नाही, जो आज पूर्णेच्या काठाला आहे आणि पंधरा दिवसांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? फासेपारधी तसाच होता. तितर, लावे, ससे, हरणं फाशात धरायची, गावात विकायची, पालं उचलायची आणि पुढच्या शिवारात जायचं. शेतकऱ्याला त्याचा उपयोगच होता, कारण पिकावर येणारी हरणं तो धरायचा.

कापसानं हे शिवार खाल्लं. पडीत आणि गायरान नांगराखाली गेलं. मेळघाटाचं जंगल राखीव होऊ लागलं आणि तिथं शिरायला परवाना लागू लागला. बैलांच्या तांड्यांचा माल रेल्वेनं उचलला. फिरस्त्यांच्या पोटाचा एक एक आधार असा वीस-पंचवीस वर्षांत निखळला आणि मग त्यांच्यापैकी काहींनी उभ्या पिकातून, खळ्यावरून, वाटसरूकडून घेतलं हेही खरंच आहे. चोरी झालीच नाही असं मी म्हणणार नाही. पण चोरी करणाऱ्या माणसाला पकडण्याऐवजी सरकारनं एक सोपी वाट धरली. ज्या जमातीत तो जन्मला ती सगळी जमातच गुन्हेगार ठरवली. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा युक्तिवाद हा कायदा करताना झाला होता. जातिव्यवस्थेवर एरवी नाक मुरडणाऱ्या साहेबानं इथं ती कायद्याचा पाया म्हणून उचलली.

हा कायदा आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपसूक लागू होत नसत. पण नजर कायद्याची वाट पाहत थांबली नाही. वऱ्हाडच्या पोलिस दलातले मेजर ई. जे. गंथॉर्प यांनी १८८२ मध्ये मुंबईहून एक पुस्तक छापलं. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथं राहणाऱ्या किंवा फिरणाऱ्या गुन्हेगार जमातींवरची ही टिपणं. कोण कसा दिसतो, कोणती भाषा बोलतो, काय नेसतो, बायका काय विकत फिरतात, पालं कशी टाकतात, हे सगळं त्यात पोलिसांच्या कामासाठी नोंदवलेलं. १९०८ मध्ये मायकल केनेडी यांनी मुंबई इलाख्यासाठी असंच मोठं पुस्तक लिहिलं. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. त्यांतही गंथॉर्पची टिपणं जागोजाग उतरली आहेत. पोलिसानं लिहिलेलं असं अभ्यासकाच्या पुस्तकात गेलं, आणि अभ्यासकाच्या पुस्तकात आहे म्हणून पुढच्या पोलिसासाठी ते खरं ठरलं.

यातलं टाकणकारांचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. टाकणकार हे पारध्यांतलेच. जात्याला टाकी देणं हा त्यांचा धंदा. जातं वापरून गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, मग टाकणकार येई, छिन्नी-हातोडीनं पाळूला पुन्हा खडबडीत करी आणि पायलीभर जोंधळे घेऊन जाई. वऱ्हाडातल्या घरोघरी त्याची वाट पाहिली जायची. घरातली बाई त्याला अंगणात, ओसरीवर बसवायची, कारण जातं घरातच असतं. आता हीच गोष्ट पोलिसाच्या नजरेनं पाहा. हा माणूस धंद्याच्या निमित्तानं घरात शिरतो, घर पाहून ठेवतो, म्हणजे टेहळणी करतो. ज्या कामासाठी त्याला विश्वासानं आत घेतलं जाई तेच काम संशयाचं कारण झालं. एकदा संशय आधी ठरला की माणसानं काहीही केलं तरी ते पुराव्यातच जमा होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे यंत्रांनीही हाच धडा गिरवला.

माणसांचे फोटो त्यांना न विचारता गोळा करण्याची सुरुवातही याच काळातली. १८६८ ते १८७५ या वर्षांत लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यांत हिंदुस्थानातल्या जाती-जमातींची साडेचारशेहून अधिक छायाचित्रं होती. फोटोत माणूस उभा किंवा बसलेला, आणि सोबतच्या मजकुरात त्याच्या जमातीचा स्वभाव लिहिलेला. हे लोक आज्ञाधारक, ते लोक दगाबाज, अशा थाटात. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाला आपल्या चेहऱ्याखाली काय छापलं जाणार आहे याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘क्लिअरव्ह्यू’ या कंपनीची बातमी फुटली. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले तीन अब्जांहून अधिक फोटो तिनं न विचारता उचलले होते आणि चेहरा ओळखण्याचं यंत्र बनवून ते पोलिसांना विकलं होतं. जगाला धक्का बसला. दीडशे वर्षांपूर्वीचे ते आठ खंड ज्यांच्या चेहऱ्यांवर उभे राहिले, त्यांच्यासाठी मात्र कुणाला धक्का बसल्याची नोंद नाही.

फोटोनंतर बोटं. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शल या अधिकाऱ्यानं १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला होता. सही नाकारता येते, हात कसा नाकारणार, हा विचार. पुढे बंगालचे पोलिस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांचं वर्गीकरण करण्याची रीत बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. १९०१ मध्ये हेन्री लंडनला गेले आणि स्कॉटलंड यार्डनं तीच रीत उचलली. रीत जगभर हेन्रींच्या नावानं चालली. हक आणि बोस यांची नावं आजही फार थोड्यांना माहीत आहेत. ज्या वसाहतीत प्रजेला विचारण्याची गरज नव्हती तिथं हे तंत्र घडलं, मग ते राज्यकर्त्यांच्या देशात गेलं.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९११ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा नव्यानं झाला आणि सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी खुला झाला. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला. त्यातली कलमं वाचताना अंगावर काटा येतो. सरकारनं एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की ती घोषणा बरोबर की चूक हे कोर्टाला विचारताच येत नसे. जमातीतल्या माणसांची वही तयार व्हायची. वहीत नाव लागलं की बोटांचे ठसे द्यायचे. ठरलेल्या वेळी ठाण्यावर किंवा पाटलापुढे हजेरी द्यायची. घर बदललं, गावाबाहेर जायचं झालं, तर कळवायचं. हद्द घालून दिली असेल तर पासाशिवाय ती ओलांडायची नाही. पासाशिवाय सापडला तर पोलिसच काय, गावचा पाटील आणि गावचा जागल्यासुद्धा त्याला वॉरंटाशिवाय धरू शके. सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचाही अधिकार सरकारला होता.

हजेरी हा शब्द आपण शाळेत वापरतो, कारखान्यात वापरतो. भटक्यांच्या तोंडी त्याला वेगळी धार आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनातून तो मराठी वाचकांपर्यंत पोचला तेव्हा पुष्कळांना तो जणू प्रथमच ऐकू आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवण्याच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड ही हजेरी चालायची. ज्या जमातींना कुंपण नव्हतं त्यांच्यासाठी वही हेच कुंपण होतं. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. रात्री पालात कोण झोपलं आहे हे बाहेरच्या माणसानं येऊन मोजायचं. नवऱ्या-बायकोची, बाळंतिणीची, म्हाताऱ्याची रात्र त्या मोजणीसाठी उघडी राहायची. आजारी सासऱ्याला पाहायला शेजारच्या तालुक्यात गेलेला माणूस हजेरीला नसला तर तो गुन्हा. गुन्हा काय केला? तर दिसला नाही. माणसाचं न दिसणं हाच गुन्हा ठरवणारी ही व्यवस्था होती, आणि माझ्या मते खासगीपणाची यापेक्षा पूर्ण मोडतोड कल्पनेतही करता येणार नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं उलटून गेली होती. भटके-विमुक्त आजही तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, नागपूर राजधानी होती. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. या राज्यबदलांची एक खूण जातींच्या याद्यांत राहिली आहे. कैकाडी अमरावती-अकोल्यात अनुसूचित जातीत आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातीत. फासेपारधी आणि टाकणकार अनुसूचित जमातीत, पालपारधी आणि राजपारधी विमुक्तांत. ज्यांना सरकारनं पिढ्यानपिढ्या एकाच शिक्क्याखाली मोजलं त्यांना हक्क द्यायची वेळ आली तेव्हा मात्र एकेकाला जुन्या सरहद्दीचा आणि पोटजातीचा पुरावा मागितला गेला. दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या पारध्याकडे पणजोबाचा कागद नसतो. पणजोबाचा ठसा मात्र सरकारनं घेऊन ठेवलेला असतो.

कायदा गेला, वह्या गेल्या नाहीत. १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचं नाव नाही, एकेका माणसाचं आहे, हा फरक कागदावर मोठा आहे. ठाण्यात मात्र हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीखालच्या माणसाची पोलिसांकडची नोंद, कुणाची उघडायची हे जुन्या सवयीनंच ठरत आलं. शिवारात मोटार चोरीला गेली, बसस्टँडवर पाकीट मारलं गेलं, की पहिली गाडी बेड्याकडे वळते. ‘रेकॉर्डवरचा’ हा शब्द वर्तमानपत्रांतही इतका रुळला आहे की रेकॉर्ड कुणी, कशासाठी, केव्हा केलं हे आपण विचारतच नाही. त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. ती बंद व्हायला हवी होती. पण फासा हाच ज्याचा नांगर, त्याला दुसरं काय दिलं? मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला आणि पारधी जंगल खात्याच्याही संशयाच्या यादीत गेला.

आपल्या देशात खासगीपणाचा हक्क कोर्टात कसा उभा राहिला हे पाहिलं की पुन्हा हिस्ट्रीशीटवरच्या माणसांपाशीच यावं लागतं. उत्तर प्रदेशातला खडकसिंग हा १९४१ च्या एका दरोड्यात पकडला गेला आणि पुरावा नसल्यानं सुटला. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-बेरात्री चौकीदार आणि शिपाई त्याच्या दारात येत, हाका मारत, झोपमोड करत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्री-बेरात्री घरी धडकणं कोर्टानं रद्द केलं, बाकीची पाळत राहू दिली आणि घटनेत खासगीपणाचा हक्क नाही असं सांगितलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. १९७५ मध्ये मध्य प्रदेशातल्या गोविंद नावाच्या माणसाचा खटला आला, तोही हिस्ट्रीशीटचाच. त्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी खासगीपणाचा हक्क मर्यादित अर्थानं मान्य केला. त्यालाही पाळतीतून सुटका मिळाली नाही, पण जुने पोलिस नियम तपासून पाहा असं कोर्टानं सरकारला सुचवलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं तेव्हा या दोन्ही खटल्यांचा पुष्कळ ऊहापोह झाला आणि सुब्बा राव बरोबर ठरले. आज शहरातला सुशिक्षित माणूस ज्या हक्काच्या आधारे मोबाइल कंपनीला जाब विचारतो, तो हक्क गावाकडच्या हिस्ट्रीशीटवाल्यांनी झोपमोड सोसत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत मागितला होता.

पुट्टस्वामी खटला आधारवरून उभा राहिला, आणि आधारची सुरुवात मराठी मुलखातलीच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. दहा बोटं, दोन डोळे आणि एक चेहरा. एकेकाळी वहीतल्या जमातीकडून जबरदस्तीनं घेतलेले ठसे आता सगळ्या देशानं रांगेत उभं राहून दिले. यामागचा हेतू वेगळा होता, धान्य आणि अनुदान योग्य माणसाला मिळावं हा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी लाभांसाठी आधार चालू ठेवलं आणि खासगी कंपन्यांना ते वापरू देणारी तरतूद काढून टाकली. तरी रेशन दुकानाच्या यंत्रावर काम करून झिजलेलं बोट उमटत नाही तेव्हा रिकाम्या पिशवीनं परत जाणारी बाई कोण असते, हे अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही खेड्यात दिसतं. मजुरी करणारीच असते.

मग मोबाइल आला, आणि पाळत ठेवायला सरकारचीही गरज उरली नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सॲपवरून महाराष्ट्रभर पसरली. सोबत फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता, त्यातला शेवटचा भाग कापून तो खरा प्रसंग म्हणून पुढे ढकलला गेला. काही फोटो सीरियातल्या युद्धात मेलेल्या मुलांचे होते. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या बाजारात पाच माणसांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ती मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण त्या दिवशी जमावाच्या मनात जे चित्र होतं ते मोबाइलनं निर्माण केलेलं नव्हतं. अनोळखी, फिरस्ता, फाटक्या कपड्यांतला, वेगळी भाषा बोलणारा माणूस म्हणजे धोका, हे चित्र १८७१ पासून सरकारी छापखान्यातून निघत होतं. मोबाइलनं ते प्रत्येकाच्या खिशात नेऊन ठेवलं. त्या पाच जणांची हजेरी जमावानं घेतली.

याच काळात पोलिसांचे कागद संगणकात चालले होते. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर २००९ मध्ये देशभरची ठाणी एका जाळ्यात जोडण्याची योजना मंजूर झाली. महाराष्ट्रानं ‘अँबिस’ ही यंत्रणा उभारली, तिच्यात ठसे, चेहरा आणि डोळ्याची बुबुळं एकत्र शोधता येतात, आणि कागदावरचे जुने ठसेही तिच्यात भरले गेले. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं देशभरासाठी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची निविदा काढली. दिल्ली पोलिसांनी हे तंत्र आधी हरवलेली मुलं शोधण्यासाठी घेतलं होतं, पुढे ते आंदोलकांवर वापरलं. चेहरा ऐंशी टक्के जुळला की तो जुळला असं ते धरत, असं माहितीच्या अधिकारात उघड झालं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपूरला स्थापन केली. गुन्ह्याचा तपास लवकर लागावा असं कुणाला वाटणार नाही? पण अशी यंत्रं जुन्या नोंदी वाचून शिकतात. ज्या ठाण्यात चाळीस वर्षं पहिली गाडी बेड्याकडे वळत आली, तिथल्या नोंदींत सगळ्यात जास्त नावं बेड्याचीच असणार. यंत्र ती मोजेल आणि बेडा धोक्याचा असं सांगेल. गंथॉर्पचं टिपण रसेलच्या पुस्तकात गेलं होतं, तसंच हे.

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं २०१२ मध्ये पारध्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. रेल्वे स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणारी मुलं त्यांनी गोळा केली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेच्या काही खोल्या आणि वाचनालय पाडलं गेलं. १८७० मध्ये रेल्वेनं गायरान कापलं होतं, दीडशे वर्षांनी द्रुतगती मार्गानं वर्ग कापले. तरी शाळा चालू राहिली. या मुलांना हिस्ट्रीशीट वाचता येईल, हा त्यांच्या आणि त्यांच्या आजोबांच्या पिढीतला फरक आहे.

आणि ती वाचायलाच हवी, कारण कायदे पुन्हा बदलले आहेत. ४ ऑगस्ट २०२२ पासून गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला आणि त्याच विषयावरचा १९२० चा इंग्रजी कायदा गेला. आता ठशांबरोबर तळहात, पाऊल, फोटो, बुबुळ, रक्ताचे नमुने आणि सहीसुद्धा घेता येते. केवळ अटक झालेल्या माणसाच्या नोंदीही घेता येतात, काही अपवाद सोडले तर. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ७५ वर्षं जपून ठेवू शकतो. म्हणजे २०२५ मध्ये अठरा वर्षांच्या एखाद्या पारधी मुलाला संशयावरून उचललं तर त्याचा चेहरा २१०० सालापर्यंत सरकारकडे राहील. पूर्वी कधी शिक्षा न झालेला माणूस शेवटपर्यंत निर्दोष ठरला तर नोंद पुसायची आहे, पण नियमांनुसार तिची मागणी राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करावी लागते. मजुरीसाठी हंगामात गाव सोडून गेलेल्या कुटुंबानं हा अधिकारी शोधायचा कुठे?

दुसऱ्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये दोन निकाल लागले. ७ मे २०२४ रोजी दिल्लीच्या एका हिस्ट्रीशीटच्या खटल्यात न्यायमूर्ती सूर्य कांत आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं की मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध माणसांची नावं पोलिसांच्या वह्यांत यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, आणि सगळ्या राज्यांनी आपले नियम तपासावेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला लावला आणि विमुक्तांना मनमानीनं अटक होऊ नये याकडे पोलिसांनी लक्ष द्यावं असं बजावलं. १८७१ च्या कायद्याचा उगमापासूनचा इतिहास त्या निकालात आहे. तो मराठीत यायला हवा, भटक्या-विमुक्तांच्या प्रत्येक वसतिगृहात असायला हवा.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या ठाण्यांत आज किती हिस्ट्रीशीट उघड्या आहेत, त्यांतल्या किती फासेपारधी, टाकणकार, कैकाडी समाजाच्या माणसांच्या आहेत, मे २०२४ च्या निकालानंतर किती तपासल्या आणि किती बंद केल्या, अँबिसमधून निर्दोष सुटलेल्या किती जणांचे ठसे पुसले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं, आणि ते आलं नाही तर अपील करता येतं. पहिले अर्ज मंगरूळ चव्हाळ्याहून यावेत अशी माझी इच्छा आहे.